बोक्यावरचा आळ : परसातल्या एका ढाबळीचे प्रकरण

सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका गावात, उसाच्या रानाला लागून असलेल्या घराच्या परसात ही कबुतरांची ढाबळ आहे. मालक माझे जुने स्नेही आहेत. कबुतरांचा नाद त्यांना शाळकरी वयापासून आहे आणि मला तो त्यांच्यामुळे लागला. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतच्या सहा आठवड्यांत या ढाबळीतून दोन पिल्ले नाहीशी झाली, दोन अंडी गेली, एक पिल्लू जखमी होऊन दगावले आणि शेवटी एक वयात आलेला नर खणातच मेलेला आढळला. हा सगळा काळ मालकांचा संशय एकाच प्राण्यावर होता, आणि तो संशय चुकीचा होता. तो का चुकला आणि चूक लक्षात आल्यावर ढाबळीत काय बदलावे लागले, याची ही नोंद आहे.

ढाबळ आणि तिची रचना

ढाबळ आठ फूट लांब, सहा फूट रुंद आणि पुढच्या बाजूला साडेसहा फूट उंच आहे. चारही कोपऱ्यांना लाकडी खांब, तीन बाजूंना फळ्या, समोर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी षटकोनी जाळी आणि वर पन्हळी पत्रा, अशी तिची मूळची बांधणी होती. जमिनीवर विटांचे दोन थर रचून त्यावर लाकडी पट्ट्यांची तळजमीन केलेली होती. पट्ट्यांमध्ये अर्ध्या इंचाची फट मुद्दाम ठेवली होती, म्हणजे विष्ठा खाली पडावी आणि पक्ष्यांचे पाय कोरडे राहावेत. ही कल्पना मुळात वाईट नाही. मात्र खाली पडलेले काढायला जागा हवी असते, ती येथे नव्हती. विटांच्या दोन थरांएवढ्या उंचीत हातही धड जात नाही.

आत बारा जोड्या होत्या : सात गिरेबाजांच्या (उडवण्यासाठी पाळतात त्या जातीच्या), तीन लक्क्यांच्या (पंख्यासारख्या शेपटीच्या) आणि दोन होमरच्या (लांबून घरी परतणाऱ्या). मागच्या भिंतीला तीन ओळींत प्रत्येकी पाच खण होते आणि प्रत्येक खणात अंड्यांसाठी मातीचे पसरट वाडगे होते. जोड्यांपेक्षा तीन खण जास्त असल्यामुळे जागेवरून मारामाऱ्या फारशा होत नसत, आणि ही मालकांची जुनी, चांगली सवय होती.

ढाबळीचे तोंड पश्चिमेला होते. त्याला शास्त्रीय कारण काही नव्हते. स्वयंपाकघराची खिडकी त्या बाजूला होती आणि मालकांच्या आईंना भाकरी थापताना कबुतरे दिसावीत, एवढाच विचार होता. पण आपल्याकडे पावसाची झोड नैर्ऋत्येकडून येते, त्यामुळे पश्चिमेकडे उघड्या असलेल्या ढाबळीत पावसाळाभर ओल शिरते आणि सकाळचे ऊन मात्र आत येत नाही. पाच-सहा पावसाळ्यांत पुढच्या डाव्या कोपऱ्यातील फळी खालून कुजली होती. वरून रंग चांगला असल्यामुळे ते कोणाच्या लक्षात आले नव्हते.

घटनाक्रम

फेब्रुवारीत शेजारच्या उसाची तोड सुरू झाली. गळीत हंगामात ही गोष्ट दरवर्षी घडते आणि तिचा परिणामही दरवर्षी होतो. वर्षभर उसात राहणारे उंदीर, घुशी, साप, मुंगसे असे सगळेच, तोड पुढे सरकेल तसे बांधाकडे आणि बांधावरून घरांकडे सरकतात. तोड संपून पाला पेटवला त्यानंतर चार-पाच दिवसांनी खालच्या ओळीतील एका खणातून दहा-बारा दिवसांची दोन पिल्ले रात्रीतून नाहीशी झाली. रक्त नव्हते आणि पिसे म्हणावी तर दोन-चार.

परसाच्या भिंतीवर एक मोठा पिवळा बोका नेहमी बसलेला असे, त्यामुळे त्याच्यावर आळ येणे साहजिक होते. मालकांनी दाराला दुसरी कडी लावली, भिंतीवर काचा रोवल्या आणि बोका दिसला की दगड मारायला सुरुवात केली. आठवडाभरात बोका यायचा बंद झाला. त्यानंतर मधल्या ओळीतून दोन अंडी गेली, तीही अशी की कवचाचा तुकडासुद्धा मागे राहिला नाही. मग खालच्याच ओळीतल्या दुसऱ्या एका पिल्लाच्या पायाची बोटे कुरतडलेली सापडली. ते तिसऱ्या दिवशी मेले. मालक रात्री बॅटरी घेऊन ओट्यावर बसू लागले. आईंची झोप सावध असते. त्यांनी एकदा नव्हे, तीनदा सांगितले होते, “अरे, बोका न्हवं त्यो. खालनं काय तरी कुरतडतंय.” म्हाताऱ्या माणसाला भास होतात असे समजून त्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एके दिवशी दुपारी दोनच्या सुमारास मालकांचा फोन आला. लक्क्याच्या एका जोडीतील पक्षी अंड्यांवरच मेलेला होता. मी तासाभरात पोहोचलो. मी येईपर्यंत त्यांनी तो हलवला नव्हता, हे फार उपयोगी पडले.

मेलेला पक्षी काय सांगत होता

पक्ष्याच्या अंगावर ओरखडा नव्हता आणि मानही तुटलेली नव्हती. पण डोक्यापासून खांद्यापर्यंतची पिसे चप्प बसलेली होती, तेल लावून भांग पाडावा तशी, आणि खांद्याच्या खालची पिसे मात्र नेहमीसारखी फुललेली होती. बोट लावल्यावर ती पिसे चिकट लागली. मांजराने धरलेला पक्षी असा दिसत नाही. मांजर पक्षी उचलून नेते आणि वाटेत पिसांचा माग ठेवते. मुंगूस मानेला किंवा डोक्याला चावते आणि आत शिरले तर एकावर थांबत नाही. घुबड किंवा उदमांजर असते तर डोके शाबूत राहण्याची शक्यता कमी होती. डोके ओले आणि खांद्याशी ती ओल थांबलेली, याचा अर्थ कोणीतरी डोक्याकडून गिळायला सुरुवात केली, मिटलेल्या पंखांच्या रुंदीपाशी अडले आणि सोडून दिले. हे काम सापाचे होते.

दुसरी गोष्ट मला तेथे उभे राहिल्यावर सुचली आणि प्रकरणाची दिशा तिनेच बदलली. मेलेला पक्षी नर होता. कबुतरांमध्ये अंडी दोघेही उबवतात, पण त्यांच्या पाळ्या ठरलेल्या असतात. मादी दुपार उलटल्यापासून रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरापर्यंत बसते, तर नर साधारण दहापासून चार-पाचपर्यंत बसतो. पाळणारे या वेळांवर घड्याळ लावतात, असे गमतीने म्हटले जाते. अंड्यांवर नर मेला होता, म्हणजे हल्ला दिवसाढवळ्या, दहा ते दोनच्या दरम्यान झाला होता. मालक ज्या चोरासाठी रात्री जागत होते तो निदान या वेळी तरी रात्री आलेला नव्हता. आणि आईंना रात्री ऐकू येणारे कुरतडणे खरे असेल, तर चोर दोन होते.

विधुर किंवा विधवा झालेल्या कबुतराला एकट्याने अठरा दिवसांची उबवण पुरी करता येत नाही. म्हणून ती अंडी एक-दोन दिवसांच्या फरकाने अंडी घातलेल्या गिरेबाजांच्या जोडीखाली सरकवली, आणि पुढे त्यांतल्या एकातून पिल्लू बाहेर आले.

दोन वाटा

त्या संध्याकाळी आम्ही ढाबळीच्या आत आणि बाहेर क्रिकेटच्या मैदानावर आखणीसाठी मारतात तशी चुन्याची फक्की पातळ पसरली. या कामाला राख किंवा रांगोळीही चालते. सकाळी पुढच्या डाव्या कोपऱ्यात पावलांची दाट ये-जा दिसली आणि पावलांच्या मधून शेपूट ओढल्याची रेघ गेलेली होती. कोपऱ्यातील कुजक्या फळीवर पहार लावली तेव्हा ती बिस्किटासारखी मोडली, आणि मागे दोन इंचांचे, कडा कुरतडून गुळगुळीत झालेले भोक निघाले. तळजमिनीच्या चार पट्ट्या उचकटल्यावर खाली विष्ठा आणि दाणे यांचा वीतभर जाड थर होता आणि त्याच्या कडेला उकरलेल्या मातीच्या ढिगासह घुशीचे बीळ होते. थरातला निम्मा माल ज्वारी आणि मका होता. काही ज्वारीला कोंब फुटले होते.

सापाची वाट वर होती. पन्हळी पत्रा सरळ वाशावर टेकवला की प्रत्येक पन्हळीखाली अर्धचंद्राच्या आकाराची फट राहते. अशा फटी बहुतेक ढाबळींत असतात, कारण खालून पाहताना त्या उजेडाच्या ठिपक्यांसारख्या दिसतात आणि हवा खेळायला बऱ्याच वाटतात. मागच्या बाजूला, जुन्या कौलांच्या ढिगाच्या बरोबर वर, अशा दोन फटींतील धूळ पुसली गेलेली होती. कौलांच्या ढिगात सहा फुटांच्या वर लांबीची कात सापडली. गावातील सर्पमित्राला बोलावले तेव्हा त्याने ती पाहून धामण सांगितली, आणि दोन दिवसांनी भर अकरा वाजता ती त्याच ढिगावर ऊन खात असलेली मालकांनी स्वतः पाहिली. धामण बिनविषारी आहे आणि दिवसा वावरणारी आहे. अंड्यावर बसलेल्या नराचे वेळापत्रक तिच्या वेळापत्रकाशी जुळत होते.

येथे एक गोष्ट सावधगिरी म्हणून सांगितली पाहिजे. कात धामणीची निघाली हे आमचे नशीब. अंड्यांच्या आणि उंदरांच्या मागावर नागही खुराड्यांत शिरतो, आणि मालक इतके दिवस अंधारात, न पाहता, खणात हात घालून अंडी चाचपत होते.

पहिली दोन पिल्ले खालच्या ओळीतून, रात्री गेली होती. त्यामुळे ती आणि कुरतडलेले पिल्लू घुशीच्या खाती जातात. कवचाशिवाय गेलेली अंडी धामणीची असावीत. बोक्याच्या खाती काहीच उरत नाही. उलट तो त्या भिंतीवर घुशींसाठीच बसत असावा असे मला वाटते, कारण त्याला हाकलल्यानंतर पुढच्या घटना लवकर लवकर घडल्या. अर्थात मांजर हा ढाबळीवरचा पहारेकरी नव्हे. हाच बोका उघड्यावर उतरलेले कबूतर सोडणार नाही.

दाण्याचा हिशेब

घूस कबुतरांसाठी आलेली नव्हती, ती दाण्यासाठी आली होती. पिल्ले तिला वाटेत सापडली. धामण बहुधा घुशीच्या मागावर आली आणि अंडी तिला वाटेत सापडली. हे एकदा नीट समजले की ढाबळीचे संरक्षण जाळीपासून सुरू होत नाही, दाण्याच्या पाटीपासून सुरू होते, हे मान्य करावे लागते.

मालक रोज संध्याकाळी दीड किलो दाणा पाटीत ओतत असत आणि पाटी रात्रभर आतच राहत असे. मोठ्या कबुतराला दिवसाला साधारण 30 ग्रॅम दाणा पुरतो. चोवीस पक्ष्यांचा हिशेब 720 ग्रॅमच्या आसपास येतो आणि पिल्ले भरवणाऱ्या जोड्यांसाठी त्यात थोडी भर घालावी लागते. म्हणजे अर्ध्याच्या जवळपास दाणा रोज जास्त होता. कबूतर अंधारात खात नाही. दिवस मावळल्यानंतर पाटीत उरलेला प्रत्येक दाणा दुसऱ्या कोणासाठी तरी वाढलेला असतो. शिवाय कबूतर पाटीतले नको असलेले दाणे चोचीने उडवून आवडीचे शोधते, आणि ते उडवलेले सगळे पट्ट्यांच्या फटींतून खाली जात होते.

नवी पद्धत साधी आहे. सकाळी उडवून आणल्यावर थोडा आणि संध्याकाळी ऊन असतानाच उरलेला दाणा द्यायचा, तोही वीस मिनिटांत संपेल एवढाच, आणि नंतर पाटी उचलून न्यायची. साठ्याचे पोते पत्र्याच्या झाकणबंद डब्यात गेले. पाण्याचे भांडे मात्र आतच असते, कारण पिल्लांना भरवणाऱ्या पक्ष्यांना पाणी सतत लागते.

मालकांच्या मनात सुरुवातीला उंदरांचे विषारी औषध टाकायचे होते. मी त्याला ठाम विरोध केला. विष लावलेला दाणा घूस बिळात नेते, वाटेत सांडते आणि तो कबूतर उचलते. विष खाल्लेली घूस घुबडाने किंवा धामणीने खाल्ली तर तीही मरतात. पिंजरे लावून तीन घुशी धरल्या गेल्या. सापासाठी फिनाईल शिंपडणे, डांबरगोळ्या टाकणे हे उपायही कोणीतरी सुचवलेच होते. त्यांनी साप थांबत नाही आणि बंद जागेतल्या पक्ष्यांच्या फुप्फुसांना मात्र त्या वाफेचा त्रास होतो.

दुरुस्ती

पक्षी अकरा दिवस गोठ्याच्या रिकाम्या अर्ध्या भागात जाळी लावून ठेवले आणि ढाबळ जवळजवळ नव्याने बांधली. लाकडी तळजमीन काढून तेथे चार इंचांचा कोबा घातला, त्याला दाराकडे किंचित उतार दिला आणि सगळ्या कडा भिंतीत गोल करून घेतल्या, म्हणजे कोपऱ्यात काही साचू नये. खर्चाचा मोठा भाग यातच गेला. ढाबळ तीन फूट उंच खांबांवर उचलून प्रत्येक खांबाला उलट्या फनेलसारखी पत्र्याची कॉलर बसवणे हा दुसरा मार्ग होता आणि तो कदाचित अधिक चांगला आहे. पण जुने खांब ते वजन पेलणार नाहीत, असे सुताराने स्पष्ट सांगितले.

षटकोनी जाळी पूर्ण काढली. ही जाळी कोंबडी आत ठेवण्यासाठी असते. बाहेरच्याला बाहेर ठेवणे हे तिचे काम नव्हे. तिच्या इंचभर छिद्रातून लहान उंदीर आणि पातळ साप सहज येतात, मांजराचा पंजा आत पोहोचतो आणि तार इतकी नरम असते की मुंगूस ती फाकवू शकते. तिच्या जागी अर्ध्या इंचाच्या चौकोनांची वेल्डमेश लावली. ती खिळे वाकवून अडकवली नाही, तर लाकडी पट्टीखाली दाबून स्क्रूने बसवली. खाली हीच जाळी जमिनीत एक फूट पुरून बाहेरच्या अंगाला आणखी एक फूट आडवी वळवली. उकरणारा प्राणी भिंतीच्या अगदी पायथ्याशी उकरायला सुरुवात करतो आणि त्याला खाली जाळी लागते. दोन फूट मागे सरून उकरावे, हे त्याला सहसा सुचत नाही. पन्हळींच्या फटी मागच्या बाजूला सिमेंटने बुजवल्या. पुढच्या बाजूला, हवेसाठी, त्यांवर जाळीची पट्टी लावली. कौलांचा ढीग परसाच्या दुसऱ्या टोकाला गेला.

अर्ध्या इंचाच्या जाळीतून चिचुंदरीएवढे लहान प्राणी आणि घरातले छोटे उंदीर येऊ शकतात, हे खरे आहे. त्यांना अडवायचे तर पाव इंचाची जाळी लागते आणि ती धुळीने व पिसांच्या कोंड्याने आठवड्यात बंद होते. रात्री आत दाणा नसेल तर त्यांना येण्याचे कारण राहत नाही, या हिशेबाने आम्ही अर्ध्या इंचावर थांबलो.

ढाबळीचे तोंडही याच वेळी पूर्वेला फिरवले. कोंडलेल्या ओलीचा पुरावा दुसऱ्या बाजूनेही मिळाला होता. त्या काळात चार पक्ष्यांची विष्ठा पातळ आणि हिरवट होती, आणि तपासणीत कॉक्सिडिया हे आतड्यातले सूक्ष्म परजीवी निघाले. पशुवैद्यांनी पाण्यातून औषध दिले, पण कोरडी जमीन नसेल तर पुन्हा पुन्हा याल, असेही सांगितले. पक्षी परत आत सोडल्यावर बहुतेक जोड्या आपापल्या जुन्या खणात गेल्या. बाहेर मात्र गोंधळ उडाला. आठवडाभर कोंडून, पुढच्या पिंजऱ्यातून परिसर दाखवून मग सोडले, तरी गिरेबाज उतरताना पश्चिमेच्या कोऱ्या भिंतीपाशी येऊन पंख मारत आणि दार कोठे गेले ते शोधत. घर तेच, जागा तीच, पण उंबरा बदललेला. पाच-सहा दिवसांनी त्यांनी फेरी पूर्वेकडून घ्यायला सुरुवात केली.

त्यानंतर

या गोष्टीला आता वर्षावर काळ लोटला आहे. ढाबळीच्या आतून एकही पक्षी, पिल्लू किंवा अंडे गेलेले नाही. एक गिरेबाज शिक्र्याने उडतानाच नेला. त्यावर जाळीचा उपाय नसतो, आणि शिकारी पक्ष्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 चे संरक्षण असल्यामुळे त्यांना धरणे किंवा मारणे हा गुन्हा आहे. मालक आता सोडण्याची वेळ रोज थोडी बदलतात आणि शिक्रा ज्या आंब्याच्या फांदीवर दबा धरत असे ती त्यांनी छाटली. झाडताना नाकाला घट्ट मास्क लावण्याची सवय मात्र त्यांना अजून पूर्ण लागलेली नाही, आणि ते मला बरे वाटत नाही. पिसांच्या कोंड्याने आणि वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसांना होणारा विकार वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो आणि पुष्कळदा उशिरा कळतो. निदान कोरडे झाडण्याऐवजी आधी पाणी शिंपडून झाडावे, एवढे त्यांनी मान्य केले आहे.

धामण अजून बांधावर आहे. तिला धरून दूर सोडावे का, असे मालकांनी विचारले तेव्हा सर्पमित्रानेच नको म्हटले. घुशी असेपर्यंत तिची जागा कोणीतरी घेणारच, आणि तो कोण असेल ते आपल्या हातात नाही, असे त्याचे म्हणणे होते.

सगळ्यांत जास्त वेळ लागला तो आईंची समजूत घालायला. संध्याकाळी पाटी उचलणे त्यांना पटेना. लेकरे उपाशी निजतील, म्हणून त्या चोरून मूठभर ज्वारी आत टाकत आणि सकाळी फक्कीवर उंदरांची पावले दिसत. मालकांनी त्यांना ती पावले दाखवली. त्यावर त्या म्हणाल्या, “मी तवाच सांगितलं हुतं, खालनं कुरतडतंय म्हून.” आता पाचच्या उन्हात दाणा त्याच घालतात आणि पाटीही त्याच वाजवून उचलतात.